रिकामे नाव

एका गावाला दोन-तीन नावे असणे आम्हा सीमावासीयांना नवे नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी दप्तरातील इंग्रजी 'बेलगाम' जाऊन 'बेळगावी' आले. निपाणी कन्नड पाट्यांवर 'निप्पाणी' होते. पोस्टमन मात्र कोणत्याही नावाचे पत्र घरी आणून देतो. संगणकाला ही समज नाही.

आमच्या पुतण्याने तंबाखूच्या व्यापाराच्या जुन्या वह्या, मोडीतील खरेदीखते व आजोबांची पत्रे स्कॅन केली. रोज रात्री त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर जावी म्हणून त्याने एक लहानशी शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, लिहिली. दुसऱ्या डिस्कचा पत्ता त्याने एका चलात ठेवला. चल म्हणजे नाव लावलेली पेटी. वरच्या ओळीत पेटीचे नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने पडले, खालच्या ओळीत नव्या. शेलच्या दृष्टीने या दोन निराळ्या पेट्या. न ठेवलेली पेटी ती तक्रार न करता रिकामी धरते. पत्त्यातील नाव गळाले आणि उरली एक तिरकी रेघ, म्हणजे साऱ्या संगणकाचे मूळ! प्रत तेथे उतरू लागताच 'परवानगी नाही' असा संदेश आला. परवानगी नाकारणारे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले. उपकारक ठरलेला हा पहिलाच.

ती ओळ पुसण्याची असती तर? जानेवारी २०१५ मध्ये 'स्टीम' या खेळांच्या प्रणालीच्या लिनक्सवरील स्क्रिप्टबाबत हेच उघडकीस आले. चल रिकामे राहिले आणि एका वापरकर्त्याच्या फायली, बाह्य डिस्कवरील राखीव प्रतींसह, पुसल्या गेल्या.

उपाय जुनाच आहे. स्क्रिप्टच्या आरंभी 'सेट वजा-यू' ही आज्ञा दिली की न ठेवलेले नाव आढळताच काम थांबते. मात्र नाव ठेवून आत काहीच न भरल्यास ती गप्प बसते. म्हणून प्रत काढण्याआधी पत्ता पडद्यावर छापून पाहावा. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडू नये, नाहीतर शेल नावालाच आज्ञा समजते. नावापुढे अधोरेषा व वर्ष जोडायचे असल्यास नाव महिरपी कंसात घालावे. एरवी अधोरेषाही नावातच जाते. 'आजोबांची पत्रे' हे फोल्डर तर अवतरणचिन्हांवाचून दोन तुकड्यांत फुटले होते.

दुरुस्तीनंतर पुतण्याने दुसऱ्या डिस्कवरील एक खरेदीखत आमच्यासमोर उघडले. मोडीची वळणे स्पष्ट होती, कोपऱ्यातील तंबाखूचा डागही.