हवेचे माप

सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा जो बाजार भरतो, त्यात एखादा जाणता गिऱ्हाईक आला म्हणजे त्याची पद्धत पाहण्यासारखी असते. घोड्याची मान, आयाळ, रंग आणि चाल यांविषयी विकणारा कितीही रसाळ बोलो, हा गृहस्थ मुकाट्याने खाली वाकतो आणि एकेक पाय उचलून खूर पाहतो. खूर सदोष असला तर वरची सारी ऐट व्यर्थ, हे त्यास पक्के ठाऊक असते. बैलगाडीचेही तसेच. लाकडी चाकावरची लोखंडी धाव सैल झाली आहे की काय, हे आमच्याकडील शेतकरी गाडी रस्त्यास लागण्यापूर्वी पाहून घेत असे. पुढे धावेच्या जागी रबर आले, रबराच्या पोटात हवा आली, आणि मनुष्याचे चाकावरील लक्ष मात्र उडाले. हवा डोळ्यांस दिसत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

वास्तविक हे हवेचे चाक प्रचारात आणले ते एका पशुवैद्याने. बेलफास्ट येथे जनावरांची चिकित्सा करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवा भरलेली रबरी नळी बसविली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉच गृहस्थाने हीच कल्पना १८४५ साली नोंदवून ठेवली होती. परंतु मधल्या चाळीस वर्षांत तिची आठवण कोणास राहिली नाही. हवेच्या चाकाच्या नशिबी विस्मृती आरंभापासूनच लिहिलेली दिसते.

हा विचार आमच्या मनात घोळू लागण्यास निमित्त झाले ते एका मोटारीचे. आमचा एक जुना विद्यार्थी शहाद्याकडचा. मुंबईस व्यवसायात स्थिरावला आणि त्याने बऱ्याच वर्षांची हौस म्हणून एक जुनी जर्मन स्पोर्ट्स कार विकत घेतली. पुढची दोन आसने खरी, मागची दोन केवळ नावाची. बसावयाचे ते जवळजवळ जमिनीवर. आणि एंजिन मागच्या चाकांच्याही पलीकडे. गेल्या मे महिन्यात तो सुरत-नवापूर मार्गे ही गाडी घेऊन आमच्याकडे नंदुरबारास आला. आईस तोरणमाळास नेऊन गोरखनाथाचे दर्शन घडवावे, असा त्याचा बेत होता. आई शहाद्यास वाट पाहत होती. आमच्याकडे चहा घ्यावा, शहाद्यास आईस गाडीत घ्यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी घाट चढून जावे, एवढ्या घाईत तो होता.

बोलता बोलता त्याने सहज सांगितले की, वाटेत एका पंपावर चाकांतील हवा पाहिली, तेव्हा पुढच्या चाकांत ४२ व मागच्या चाकांत ५१ पौंड भरली. टायरच्या अंगावर ‘कमाल ५१’ असे छापलेले त्याने वाचले होते. त्यामुळे तो दचकला. पंपावरील मुलाने ‘सगळीकडे ३६ ठेवा, साहेब’ म्हणून जादा हवा सोडून दिली आणि आमचा विद्यार्थी निश्चिंत झाला. आम्ही त्यास गाडीचे दार उघडावयास लावले. दाराच्या चौकटीवर कारखान्याने चिकटविलेल्या पट्टीवर आकडे स्पष्ट होते: टायर थंड असताना पुढे ३६, मागे ४४.

‘थंड असताना’ या दोन शब्दांतच सारे शास्त्र साठविलेले आहे. बंदिस्त हवा तापली की तिचा दाब वाढतो, हा नियम आम्ही वर्गात तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. या गाडीच्या चाकांत जेवढा दाब असतो, त्या मानाने हिशेब केला तर उष्णता पाच-सहा अंश सेल्सिअसने वाढली की काटा एक पौंड वर चढतो. नंदुरबारास मे महिन्यात पहाटेचे २८ अंश दुपारी ४२ होतात, तेव्हा गाडी जागची न हलताही अडीच पौंड वाढलेच. त्यात वितळू पाहणारी डांबरी सडक आणि सतत लवून सरळ होणाऱ्या रबराची स्वतःची ऊब. मग ४४ चे ५१ होण्यास काय अवकाश? हे सारे टायर बनविणाऱ्यास ठाऊक असते व ते जमेस धरूनच तो थंड टायरचा आकडा ठरवितो. टायरवरील ‘कमाल’ हा शब्दही थंड टायरविषयीच आहे. आणि ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. तापलेल्या चाकातून हवा सोडणे म्हणजे तापात उतरविलेले वजन खरे मानून मनुष्यास उपाशी ठेवण्यासारखे आहे.

त्यास इतरही उपदेश मिळाले होते. शर्यतीच्या मैदानावर गाडी पळविणाऱ्या एका स्नेह्याने पट्टीवरील आकड्याहून कमी हवा ठेवण्यास सांगितले होते. मैदानावर ते योग्यच. कारण तेथे दोन-चार फेऱ्यांत चाक इतके तापते की दाब आपोआप हवा तेथे येतो, आणि प्रत्येक वेळी थांबून तो मोजलाही जातो. तोरणमाळाच्या वाटेवर कोण मोजणार? एका दुकानदाराने नायट्रोजनची शिफारस केली होती. साध्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के असतोच; निव्वळ नायट्रोजन कोरडा असतो व थोडा सावकाश झिरपतो, हा त्याचा गुण; पण उष्णतेचा नियम त्यासही चुकत नाही.

मोटारीचा सारा भार रस्त्यावर टेकतो तो चार ठिकाणी, आणि त्यातील प्रत्येक ठिकाण साधारण हाताच्या पंजाएवढे असते. भारास दाबाने भागिले म्हणजे या पंजाचे क्षेत्रफळ स्थूलमानाने मिळते. हवा कमी झाली तर टायरच्या कुशी अधिक लवतात, तापतात, आणि वळणावर चाक बाजूस ओढले जाते. अधिक झाली तर पंजा आखडतो, मधलेच रबर झिजते आणि खड्ड्याचा प्रत्येक तडाखा गाडीच्या हाडापर्यंत जातो. ज्या गाडीचे एंजिन मागे, तिच्या मागच्या चाकांवर भार अधिक. म्हणून तेथे हवाही अधिक पाहिजे. ती कमी केली तर वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाण्याचे भय असते. चारही चाकांस सारखी हवा म्हणजे न्याय, असे वाटते खरे. पण भार सारखा नसताना सारखी वाटणी हा न्याय नव्हे.

या गोष्टीचा मोठा गाजावाजा अमेरिकेत झाला. १९६० सालच्या नमुन्याची शेव्हरोले कॉर्व्हेअर ही मागे एंजिन असलेली मोटार. तिच्या थंड टायरांत पुढे १५ व मागे २६ पौंड हवा ठेवावी, असे कारखान्याचे सांगणे होते. पण चारही चाके सारखी भरण्याची सवय असलेल्या चालकास व पंपावरील नोकरास हा फरक कोण पटविणार? राल्फ नेडर याने १९६५ साली आपल्या ग्रंथात या गाडीची झडती घेतली, ती देशभर गाजली. १९७२ साली सरकारी चौकशीचा निर्णय असा पडला की, ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांहून अधिक धोक्याची नव्हती. दोष गाडीचा की चालकाचा, हा वाद बाजूस ठेविला, तरी दोन आकड्यांतील अंतर किती मोलाचे असू शकते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आम्ही विद्यार्थ्यास म्हणालो, “आज घाट चढू नकोस. रात्रभर गाडी अंगणात राहू दे, पहाटे मोजू.”

“पण सर, आईला आजचा शब्द दिला आहे.”

“शब्द उद्या पाळलास तर आई रागावणार नाही. गाडीत तिला बसवावयाचे आहे, म्हणूनच सांगतो.”

तो नाखुशीने राहिला. पहाटे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला पंक्चरवाला आपला काटा घेऊन आला. त्याने गाडीच्या किमतीची चौकशी केली नाही, गाडी रात्रभर उभी होती ना, एवढेच विचारले आणि म्हणाला, “भाऊ, गरम चाकाचा आकडा कधी धरू नका.” काटा लावला, तो चारही चाकांत ३१! मागच्या चाकांत पाहिजे त्याहून १३ पौंड कमी हवा घेऊन हा मनुष्य आपल्या आईस सातपुड्याच्या वळणांवरून नेणार होता. पुढे ३६ व मागे ४४ भरून घेतल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच. तेथे बाहेरची हवा विरळ झाल्याने काटा सुमारे दीड पौंड अधिक दाखवील आणि थंडाव्याने जवळजवळ तितकाच उतरेल, तेव्हा वर जाऊन पुन्हा हात लावू नकोस, एवढे आम्ही बजावले. पौषात मुंबईहून परत आलास तर मात्र येथील पहाट १२ अंशांची असेल. मेमध्ये भरलेल्या हवेत तेव्हा तीनेक पौंडांची तूट पडलेली असेल, हेही सांगितले.

चाक फुटले की आपल्याकडे दैवास बोल लावण्याची रीत फार जुनी. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले त्यास शाप कारण झाला, असे महाभारत सांगते. आणि चाकाच्या प्रत्येक अपघाताच्या मागे आपण असाच एखादा शाप पाहतो. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली या समजुतीवर नेमके बोट ठेविले. २०१० साली पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटून ती खोल खड्ड्यात कोसळली आणि आतील ३८ वर्षांचा, घरचा एकटा कमावता गृहस्थ जागच्या जागी गेला. चाक फुटणे ही देवाची करणी, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, जुने टायर, उष्णता अशी चाक फुटण्याची कारणे असतात आणि प्रवासापूर्वी टायर पाहणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असे सांगून कुटुंबास मिळालेली सव्वा कोटीची भरपाई त्याने कायम केली. त्या रकमेने त्या घरचे दुःख किती हलके झाले असेल, याचा अंदाज करण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

आमच्या जिल्ह्यात अशा हौशी गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण मिरचीचे ट्रक, उसाच्या गाड्या आणि माणसांनी ओसंडणाऱ्या जीपगाड्या रोज कोंडाईबारीच्या व चांदसैलीच्या घाटांतून जातात. हवेचा नियम त्यांस निराळा नाही. गाडीवरील पट्टीचे दोन आकडे, एक खात्रीचा काटा आणि चाक थंड असतानाची पहाटेची पाच मिनिटे, एवढीच सामग्री लागते. एवढे केल्यावर जे उरेल ते खुशाल दैवाच्या नावे घालावे; त्याआधी नव्हे.