सल्ल्याचे वजन

‘तंबाखू सोडा’ हे वाक्य डॉक्टराच्या तोंडून आयुष्यभरात किती वेळा निघते, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. नवी मुंबईत दवाखाना चालवताना मीही ती ठेवलेली नाही. त्या वाक्याचे सामाजिक वजन मात्र संजय बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. त्यांचा अभ्यास २०१३ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला.

कायदा करावा आणि परिणाम पाहण्यासाठी दहा वर्षे थांबावे, एवढी उसंत धोरणकर्त्यांना नसते. म्हणून संगणकात देशाच्या लोकसंख्येचे गणिती प्रतिरूप उभारतात आणि त्यावर एकेक उपाय लावून पाहतात. या अभ्यासात पाच उपाय होते: सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी, करवाढ, जाहिरातबंदी, माध्यमांतील मोहीम आणि डॉक्टरांचा सल्ला. परिणामांची बेरीज होते असे धरल्यास, दशकभरात हृदयविकाराचे झटके व पक्षाघात सुमारे २५ टक्क्यांनी टळू शकतील, असा अंदाज निघाला. धूम्रपानबंदी आणि करवाढ सर्वांत प्रभावी ठरले. आमचा सल्ला शेवटच्या क्रमांकावर आला.

हा निष्कर्ष वाचून मन खट्टू झाले, पण कारण उघड होते. सल्ला दवाखान्याची पायरी चढणाऱ्यालाच मिळतो. वाढलेली किंमत मात्र पहिली सिगारेट घेऊ पाहणाऱ्या मुलालाही अडवते. म्हणून करवाढीची मागणी करणे हेही मी आता डॉक्टराचेच काम मानतो.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. तो हृदयाचा आणि मेंदूचा आहे. तोंडाच्या कर्करोगाचा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करीत, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण चुना लावून मळलेली तंबाखू आणि मिश्री घराघरांत आहे.

शिवाय प्रतिरूप लोकसंख्येचा कौल देते, तुमच्या वडिलांचा नव्हे. ज्या एका माणसाने सल्ला मानून तंबाखू सोडली, त्याच्या घरापुरता तो सल्ला शंभर टक्के फळला. तेव्हा घरात धूर नको आणि तंबाखूची पुडी आणायला मुलांना टपरीवर पाठवणे नको. सोडू इच्छिणाऱ्याने १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर जरूर बोलावे.