अजिंठ्याच्या पायऱ्या आणि नवे बूट

जळगावहून एसटीने साठेक किलोमीटर गेले की अजिंठा लेण्यांचा फाटा येतो. तेथून महामंडळाच्या दुसऱ्या बसने चार किलोमीटर, आणि पुढे पायऱ्या. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून आम्ही रविवार धरला. हे, मी, दोन्ही मुली आणि आमच्या नणंदबाई. नणंदबाईंची सारी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून झाली. आता त्या निवृत्त आहेत.

धाकटीच्या पायात नवेकोरे बूट होते, आदल्याच दिवशी सकाळी घेतलेले. यांच्या ओव्हरटाइमचे पैसे हाती आले होते. टाचेची कड जरा कडक लागत होती, पण दुकानदार म्हणाला, "वापरात नरम पडतील." आम्हीही माना डोलावल्या.

वाघोरा नदी घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या वळणाच्या कड्यात लेणी कोरलेली आहेत. पहिल्याच लेण्यात मंद उजेडात पद्मपाणी दिसतो. त्याच्यासमोरून पाय निघत नाही. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात. एक नंबरला काढा, घाला. दोन नंबरला पुन्हा काढा. घाईघाईत पोरगी नाड्या न सोडताच पाय कोंबत होती. नाडी सैल, टाच आत वर-खाली घासतेय, मोजा घामाने ओला. दहाव्या लेण्यापाशी (१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडले ते हेच) ती मागे राहू लागली. विचारले तर म्हणे, "काही नाही गं आई."

सतराव्या लेण्याबाहेर बूट घालताना तिच्या डोळ्यांत पाणी आले. मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड! आधी का नाही बोललीस, म्हणून मी रागावले. ती हळूच म्हणाली, "बाबांनी एवढे पैसे घातले..." यांनी मान फिरवली.

थोरली पिन काढून फोड फोडायला निघाली होती. नणंदबाईंनी तिचा हात धरला. "वरची कातडी म्हणजे निसर्गाने दिलेली पट्टी. ती फोडली की जंतू आत शिरतात. आपोआप फुटला तरी कातडी ओढायची नाही, स्वच्छ पाण्याने धुवून पट्टी लावायची." पर्समधली चिकटपट्टी काढून त्यांनी फोड झाकला. मग म्हणाल्या, "हीच पट्टी टाच नुसती लाल होऊन चुरचुरली तेव्हा लावली असती, तर फोड आलाच नसता. त्या वेळी थांबायचं."

सावलीत बसून त्यांनी आम्हा सर्वांनाच फैलावर घेतले. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराने पाय थोडे सुजतात. उभे राहून पाहावे, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. आठवडाभर घरातच रोज तासभर घालावेत. टाचेला व्हॅसलीन चोळावे, नाडी दर वेळी सोडून नीट आवळावी, मोज्यांचा दुसरा जोड जवळ ठेवावा. साखरेचा आजार असलेल्याने तर नवा जोड घालून लांब जाऊच नये. त्यांच्या पायाला कित्येकदा दुखणे कळतच नाही, आणि जखम चिघळते.

तोवर यांनी आपल्या झिजलेल्या चपला काढून पोरीपुढे ठेवल्या होत्या. दोन बोटे मोठ्या, पण टाच मोकळी!

नणंदबाईंना महावग्गातील प्रसंग आठवला. राजगृहात भगवंतांच्या मागून एक भिक्खू लंगडत चालला होता, त्याचे पाय फुटले होते. एका उपासकाने पायातल्या अनेक पदरी वहाणा काढून दिल्या. तशा वहाणांना मनाई होती, म्हणून भिक्खू घेईना. तेव्हा भगवंतांनी परवानगी दिली, पण वापरलेल्याच, नव्या नव्हेत. मनाईमागे कारण ऐषआरामाचे होते, हे खरे. तरी धाकटी तेवढ्यात हसलीच.

सव्वीसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपर्यंत ती त्याच चपलांवर आली. हे नुसत्या मोज्यांवर, कडेकडेच्या सावलीतून. परतीच्या बसमध्ये बूट तिच्या मांडीवर होते आणि ती त्यांची कड अंगठ्याने दाबून दाबून वाकवत होती.