झोपेची कीर्द

माझे वडील वाईच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि जे दप्तरी नोंदलेले नाही ते घडलेलेच नाही, अशी त्यांची साधी, निःशंक श्रद्धा होती. या श्रद्धेला घरात दाद न देणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आजी. माजघरात घोंगडीवर तिने अंग टाकले की पहाटेपर्यंत तिचे घोरणे साऱ्या वाड्याला ऐकू जाई, आणि तरीही सकाळी चुलीपुढे बसून ती रोज तीच फिर्याद गुदरी: "मेलं रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला!" आम्ही मुले खुदखुदत असू. वडील मात्र गंभीरपणे म्हणत, "आई, तुझ्या घोरण्याला सात साक्षीदार आहेत." त्यावर आजी शांतपणे फुंकणी उचली आणि विचारी, "त्यांच्या साक्षीनं मला झोप येणार आहे का रे?"

हा खटला निकालात निघाला नाही. मी १९७६ साली मानसशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत, मध्य-पश्चिमेकडील एका विद्यापीठात गेलो आणि हिवाळ्यात ऊबदार खोली व ताशी चार पैसे मिळावेत एवढ्याच हेतूने तेथल्या निद्रा-प्रयोगशाळेत विद्यार्थी-सहायकाची जागा पत्करली, तेव्हा वंशपरंपरेने चालत आलेल्या एका कज्ज्यात आपण दाखल होत आहोत याची मला सुतराम कल्पना नव्हती. हुद्दा 'संशोधन-सहायक' असा भारदस्त; काम निम्मे पहारेकऱ्याचे, निम्मे कारकुनाचे.

रात्री नऊच्या सुमारास झोपणारा इसम हजर होई. शिंप्यासारखी टेप घेऊन मी त्याच्या नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचे आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर मोजी, त्याचे दहा आणि वीस टक्क्यांचे भाग पाडून लाल पेन्सिलीने खुणा करी, केस बाजूला सारून ती जागा स्पिरिटने घाशी, आणि टिकलीएवढ्या धातूच्या वाटीवर कोलोडियनमध्ये भिजवलेला जाळीदार कापडाचा तुकडा ठेवून तो हवेच्या झोताने वाळवी. त्या द्रव्याचा उग्र, ईथरसारखा वास आणि सकाळी तेच सोडवताना येणारा ॲसिटोनचा वास, या दोन वासांच्या मध्ये माझी प्रत्येक रात्र बसवलेली असे. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी आणि हनुवटीखाली आणखी तारा चिकटवायच्या, मग शेजारच्या खोलीत येऊन ध्वनिवाहकातून फर्मावायचे: उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, दात आवळा. प्रत्येक हुकमासरशी यंत्राच्या लेखण्या उसळून रुजुवात देत. मग दिवा मालवायचा.

कागद सेकंदाला दहा मिलिमीटर सरके. तीस सेंटिमीटरचे एक पान म्हणजे अर्धे मिनिट. आठ तासांची झोप म्हणजे ९६० पाने, २८८ मीटर लांबीचा दस्तऐवज. मिटलेल्या डोळ्यांआडची जागृती सेकंदाला आठ ते तेरा लाटांनी लिहिली जाई. मग त्या विरत आणि चातीच्या आकाराची, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळती अशी आंदोलनांची लड अवचित उमटे. मग हळूहळू डोंगराएवढ्या संथ लाटा येत. या गाढ निद्रेचे तेव्हा तिसरा आणि चौथा असे दोन टप्पे मानीत. २००७ सालच्या नव्या नियमावलीत चौथा टप्पा तिसऱ्यात संस्थानासारखा विलीन झाला. लेखण्यांची सळसळ चालू असताना मी समासात नोंदी करी: कूस पालटली, खोकला, घोरणे, आणि प्रत्येकीपुढे वेळ.

सुमारे दीड तासाने लेखण्यांना एकाएकी वारे भरे. बुबुळे मिटल्या पापण्यांखाली धावू लागत, हनुवटीचा स्नायू मात्र पार लुळा पडे. स्वप्नांची ही अवस्था शिकागोत युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याला प्रथम नीट दिसली. १९५१च्या डिसेंबरात त्याने आपल्याच आठ वर्षांच्या मुलाला तारा जोडल्या, आणि लेखण्या नाचू लागल्या तेव्हा त्याला पहिला संशय आला तो जुनाट यंत्राचा. त्याने व त्याचे गुरू नथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली हा शोध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी कागद वाया जाऊ नये म्हणून रात्रीची नोंद मधूनमधूनच घेत. माझ्या वडिलांनी त्या काटकसरीची तारीफ केली असती. सहायकाच्या नशिबी काय काय येते, याचाही दाखला क्लाइटमनांच्याच चरित्रात आहे: १९३८ साली एका विद्यार्थ्याला घेऊन ते केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि अठ्ठावीस तासांचा दिवस अंगवळणी पडतो का ते त्यांनी पाहिले. विद्यार्थ्याला तो मानवला, गुरूंना नाही.

एका पहाटे मी एका वृद्ध गृहस्थांच्या तारा सोडवीत होतो. कागदाच्या हिशेबाने ते सहा तासांहून अधिक झोपले होते. ते मला म्हणाले की, मी क्षणभरही झोपलो नाही. शब्द इंग्रजी होते, सूर थेट आमच्या चुलीपुढचा होता. मी उत्साहाने त्यांना पानेच दाखवायला निघालो, तर आमच्या प्राध्यापकांनी मला थांबवले आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहावयास सांगितल्या. मला तो पळपुटेपणा वाटला. पुढे पतंजलींची योगसूत्रे वाचताना मात्र मी चपापलो. निद्रा ही चित्ताची एक वृत्तीच होय, असे त्यांचे मत; आणि भाष्यकार त्याला पुरावा देतो तो उठलेल्या माणसाच्या जबानीचा: सुखाने झोपलो असे तो म्हणतो, आणि अनुभवाखेरीज स्मरण कसे असेल? म्हणजे झोपलेल्याची साक्ष तेथे ग्राह्य होती. आमच्या प्रयोगशाळेत ती निव्वळ एक रकाना होती.

त्यानंतर माझीच पाळी आली. सकाळी पाने उलटताना प्राध्यापकांचे बोट एका ठिकाणी थबकले. पावणेचार ते चार पंचवीस. चाळीस मिनिटे, ऐंशी पाने, आणि समासात एकही अक्षर नाही. एका लेखणीची शाई संपून तिची ओळ कोरी पडली होती, तरी ती भरायला कोणी उठले नव्हते. मी झोपलो नव्हतो. हे मी त्यांना सांगितले, आणि आजही शपथेवर सांगेन: लेखण्यांची सळसळ मला सलग ऐकू येत होती, फक्त डोळे मिटले होते. ते रागावले नाहीत. पेन माझ्या हाती देऊन त्यांनी त्या कोऱ्या समासात 'निरीक्षक गैरहजर' असे मलाच लिहायला लावले.

१९७८च्या उन्हाळ्यात मी वाईला आलो. अमेरिकेची रात्र वाईच्या दिवसात मिसळलेली, त्यामुळे माजघरात आजीशेजारच्या अंथरुणावर मी टक्क जागा होतो. एकपासून तिचे घोरणे सुरू झाले. सवयीने मी मनातल्या समासात नोंदी करू लागलो: कूस पालटली, श्वास संथ, तीन वाजून दहा मिनिटांनी फडताळावरून दुधाच्या पातेल्याचे झाकण पडले, घोरण्यात खंड नाही. सकाळी चुलीपुढे तिची फिर्याद सुरू झाली तेव्हा मी आपली साक्ष काढली आणि, उलटतपासणी म्हणून, रात्री झाकण किती वाजता पडले ते विचारले.

"तीन वाजून गेले होते," आजी म्हणाली. "बोक्यानं पाडलं. म्हटलं तुला उठवावं हाकलायला, पण तू इतका गाढ झोपला होतास!"