आनंद यादव आणि आमची घरची बोली

कोल्हापूरहून निपाणीच्या वाटेला लागले की कागल येते. गैबीपीराच्या उरुसाला आम्ही जातो ते हेच. शाहू महाराज ज्या घाटगे घराण्यात जन्मले तेही इथलेच. आणि ३० नोव्हेंबर १९३५ रोजी एका शेतकऱ्याच्या घरात आनंद यादव जन्मले तेही इथेच. उरूस आणि महाराज आमच्या घराघरांत ठाऊक आहेत. यादव मात्र आमच्यातल्या थोड्यांनीच वाचले.

'झोंबी' (१९८७) ही त्यांच्या बालपणाची हकिकत. तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. थोरला मुलगा म्हणून वडिलांनी त्यांना शाळेतून काढून रानात जुंपले होते. वडील गुऱ्हाळ सगळ्यांच्या आधी लावत, कारण पहिल्या गुळाला भाव जास्त. बाकीचे शेतकरी ऊस रानात मुरू देत, म्हणजे गूळ जास्त पडतो. गुऱ्हाळ उरकल्यावर पोराने आईजवळ शाळेचा विषय काढला. मायलेकरांनी गावच्या दत्ताजीरावांना गाठले, त्यांनी बापाला खडसावले, तेव्हा कुठे पुन्हा पाचवीत बसता आले. तेही रानातले काम सांभाळून. मराठीचे सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवत. मास्तरांनी स्वतःच्या दारातल्या वेलीवर केलेली कविता पाहिली आणि पोराला उमगले, की कवी म्हणजे आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस! मग कागद नसला की म्हशीच्या पाठीवर काटकीने, दगडावर खड्याने ओळी उमटू लागल्या.

पुढे हाच मुलगा पुणे विद्यापीठात मराठीचा विभागप्रमुख झाला. पण आम्हाला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती 'गोतावळा' (१९७१). सबंध कादंबरी नारबा हा शेतमजूर आपल्या बोलीत सांगतो. मळ्यावर ट्रॅक्टर येतो, बैल, म्हशी, एकेक जनावर जाते, आणि त्या जनावरांनाच गोतावळा मानणारा नारबा एकटा पडतो. पात्रांच्या तोंडी बोली घालणारे लेखक आधीही होते. यादवांनी निवेदनसुद्धा बोलीत केले. गड्याला नुसते बोलायलाच नव्हे, तर विचार करायलाही त्याची भाषा पुरते, हे त्यांनी करून दाखवले.

इथे आमचा प्रश्न सुरू होतो. आमची मुले घरात 'मेरेकू', 'कायकू' बोलतात, गल्लीत कोल्हापुरी मराठी बोलतात आणि वहीत तिसरीच भाषा लिहितात. घरची बोली वर्गात निघाली की हसे होते. उर्दूवाले तिला अशुद्ध म्हणतात, मराठीवाले मोडकी म्हणतात. आम्हीही लिहायला बसलो की ती उंबऱ्यावरच ठेवतो. (भाषणात मात्र तिच्यावर विनोद करून टाळ्या घेतो.) हमीद दलवाईंनी 'इंधन' (१९६५) मध्ये कोकणातला मुसलमान गाव मराठीत आणला. घाटावरचे आमचे घर तसे फारसे उतरलेले नाही. गावाच्या कथेत मुलाणी येतो तो बहुधा कामापुरता, आणि काम झाले की पानाबाहेर जातो.

यादवांवर सगळे खूश होते असे नाही. 'संतसूर्य तुकाराम' वरून वारकरी संतापले. त्यांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले गेले, तरी २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना सोडावे लागले. आमच्या मते माफीनंतर विषय मिटायला हवा होता. पुस्तकाचा वाद पुस्तकानेच करावा, हे आपल्या मोहल्ल्यातही आपण नेहमी पाळतो असे नाही. २०१६ साली ते गेले.

नारबाचा ट्रॅक्टर आमच्याकडेही वेगवेगळ्या रूपांत आला. कारखान्याची गादी आली आणि पिंजाऱ्याची धनुकली माळ्यावर गेली. स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाल्याचा भाता थंडावला. शिकलगाराकडे धार लावायला येणारे गिऱ्हाईक कमी झाले. त्या घरांतली म्हातारी माणसे अजून हयात आहेत, आणि तापलेल्या भांड्यात नवसागर टाकल्यावर धूर कसा उठायचा ते आपल्या बोलीत सांगतात. आमच्या नातवंडांपैकी कुणी अजून ते लिहायला बसलेले नाही.