दिल्ली ते चौल, ग्रीकांच्या वाटेने

दिल्लीकरांना किल्ले आणि थडगी घराच्या दारात मिळतात. समुद्र मात्र हजारभर किलोमीटरवर. म्हणून उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्यासारख्या मराठी घरांत रेल्वेच्या तिकिटांची धावपळ सुरू होते. गेल्या वर्षी मात्र आम्ही आमची गाडी घेऊन निघालो, तेही सासूबाईंसह.

त्याला कारण होती आमची नववी संपवलेली लेक. तिने ऐकवलं, "चौल तुमचं गाव. मी दिल्लीची." सासूबाई गप्प राहिल्या, पण त्यांचा चेहरा उतरला. लेकीचंही खोटं नव्हतं. शाळेत ती 'मराठी' आणि चौलला 'दिल्लीवाली'. तिला पाहायचं होतं ग्रीस! पडके खांब आणि निळा समुद्र. तो खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. तेव्हा हे म्हणाले, "चौलच्या वाटेवर ग्रीक भेटले तर येशील?" ती हसली, पण बॅग भरायला लागली.

पहाटे पाचला निघायचं, अकरापर्यंत अंतर कापायचं आणि ऊन उतरेपर्यंत थांबायचं, हा नियम ठरवला. सासूबाईंच्या पाठीला उशी, सोबत ताकाची बाटली आणि दर दोन तासांनी थांबा. ग्वाल्हेरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी विदिशा गाठलं.

तिथे बेसनगरला उघड्यावर एक दगडी खांब उभा आहे. गावकरी त्याला खामबाबा म्हणत आणि शेंदूर फासत. १८७७ साली कनिंगहॅम यांनी तो पाहिला, पण शेंदराच्या थराखाली लेख दडलेला होता. तो १९०९ साली उजेडात आला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा वकील हेलिओदोरस इथे आला आणि त्याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, असं त्यात ब्राह्मी लिपीत कोरलं आहे. वडिलांचं नाव, गाव, आपण 'योन' म्हणजे ग्रीक असल्याचं, सगळं त्याने लिहून ठेवलंय. आपल्याकडचा 'यवन' शब्द मुळात या ग्रीकांसाठीच होता.

सासूबाई बराच वेळ खांबाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "परक्या मुलखात येऊन इथल्या देवाचा खांब उभारला. मग हा इथला की तिथला?" लेकीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

पुढे इंदूर, धुळे करत नाशिक. पांडवलेण्यांच्या पायऱ्या सकाळी लवकर चढाव्यात. सासूबाई थांबत थांबत आल्या. सतरा क्रमांकाचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने आईवडिलांसाठी कोरवलं. नाव भारतीय, वडील धर्मदेव, मुलगा धर्मरक्षित. तरीही 'उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा' असं त्याने आवर्जून लिहिलं. लेक ओरडली, "आजी, हा पण उत्तरेकडून आलेला!" सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या पोरालाही लोक विचारत असतील, तुझं गाव कुठलं?" त्या दोघी पायऱ्या उतरताना हात धरून चालत होत्या.

कसारा घाट उतरून आम्ही नालासोपाऱ्याला गेलो. स्टेशनच्या गर्दीपासून थोड्याच अंतरावर जुन्या शूर्पारक बंदराचा स्तूप आहे. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. अशोकाचाच एक लेख १९६६ साली दिल्लीत कालकाजीजवळच्या खडकावर मिळाला होता. "म्हणजे आपल्या घराजवळ एक टोक, इथे दुसरं," लेक म्हणाली. इथली बंदरं ग्रीक नाविकांना पाठ होती. पहिल्या शतकातल्या त्यांच्या प्रवासपुस्तकात सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावं आहेत.

चौलला पोहोचलो तेव्हा फणस पिकले होते. संध्याकाळी रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाच्या पडक्या भिंतींतून लेकीने समुद्र पाहिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठली गं तू?" ती म्हणाली, "राहणारी दिल्लीची. नात इथली." सासूबाईंनी तिला ताटातला मोठा आंबा काढून दिला.

दीड हजार किलोमीटरचा हा प्रवास विमानाने दोन तासांत झाला असता. पण मग वाटेतले हे दोन दगड दिसले नसते. परगावी मुलं वाढवणाऱ्या आपण सगळ्याच जणी 'तू इथली की तिथली' या प्रश्नाने हैराण होतो आणि मुलांकडून एकच उत्तर मागतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या परदेशी माणसांनी दोन्ही लिहिलं आणि कुठलंच खोडलं नाही. येत्या सुट्टीत गावी जाणार असाल, तर जमल्यास रस्त्याने जा. पाणी भरपूर घ्या आणि आजीला पुढच्या सीटवर बसवा.