एक तारखेचं घर

आमच्या घरात एक पैसाही जास्त आला नाही, तरी 1982 साली आम्ही चाळीतले श्रीमंत ठरलो. ते मला कळलं गणपतीत. चाळीच्या मंडळाच्या काळ्या फळ्यावर वर्गणीदारांची नावं खडूने लिहीत, मोठा आकडा वर, लहान खाली. बाबांचं नाव दरवर्षी मध्यावर कुठेतरी असायचं, अकरा रुपयांसमोर. त्या वर्षी ते सर्वांत वर होतं. रक्कम अकराच. मी धावत घरी येऊन सांगितलं, तर बाबा खूश होण्याऐवजी चिडले आणि मंडळाच्या पोरांना जाऊन म्हणाले, "आकडे पुसा, नुसती नावं ठेवा."

बाबा पोस्टात क्लार्क होते. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना 'पोस्टातले' म्हणत, जसे इतर 'साच्यावरचे', 'कांडीखात्यातले'. त्यात विशेष मान नव्हता. दहा बाय बाराची खोली, अर्ध्या उंचीवर माळा, मोरी आत आणि संडास गॅलरीच्या टोकाला, हे सगळ्यांना सारखंच. शेजारचे काका गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या हातात बाबांइतकाच पगार पडायचा आणि बोनसच्या महिन्यात बाबांपेक्षा बराच जास्त. रेडिओ त्यांच्याकडे आधी आला, भिंतीवरचं घड्याळही. काकूंनी दिवाळीला घेतलेली साडी आई हात लावून बघायची. कुणी विचारलं असतं तर मी आम्हालाच त्यांच्यापेक्षा थोडं खालचं सांगितलं असतं.

फरक एवढाच, की बाबांचा पगार सरकारी होता. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

बाबांची खिडकी मनीऑर्डरची. गिरण्यांचा पगार झाला की पुढचे तीन-चार दिवस तिथे रांग लागायची. कुणी संगमेश्वरला पैसे धाडायचा, कुणी पाटणला, कुणी आजऱ्याला. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे फॉर्म बाबाच भरत. फॉर्मच्या तळाला मजकुरासाठी बोटभर जागा असे, तेवढ्यात सगळा संसार बसवायचा: 'बी-बियाण्याचे यात धरावे', 'आईस डॉक्टरास दाखवणे', 'गौरीला येत नाही'. बाबा म्हणायचे, अमक्या गावात कुणाचं कर्ज किती फिटलं ते तलाठ्याच्या आधी मला कळतं. गिरणगावाने मुंबईला कापड दिलं हे सगळे सांगतात. कोकणातली आणि घाटावरची कित्येक घरं या खिडकीतून चालत होती, ते मात्र पोस्टातल्यालाच दिसायचं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, साठेक गिरण्या. बोनसवरून आधीच्या दिवाळीपासून धुसफूस होतीच. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं. पण खरी गाठ 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याची होती. त्या कायद्याने उद्योगात एकच युनियन मान्यताप्राप्त, आणि जी होती तिच्यावर कामगारांचा विश्वास उरला नव्हता. म्हणून ते कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. हे मला तेव्हा कळत होतं असं नाही. मी सहावीत होते. मला एवढंच कळलं, की शेजारचे काका दुपारी घरी दिसायला लागले आणि पहिले काही आठवडे सगळ्या चाळीला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. गॅलरीत पत्त्यांचे डाव पडले. रातपाळीवाला दिवसा झोपलाय म्हणून आम्हाला गप्प बसवणारं कुणी उरलं नाही.

"शिमग्याला मिटेल," असं लोक म्हणत होते. मग गणपतीला मिटेल म्हणाले, मग दिवाळीला.

बाबांचं मत वेगळं होतं, पण ते चारचौघांत बोलायचे नाहीत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी 19 सप्टेंबर 1968 ला एक दिवसाचा संप केला होता, त्यात बाबा होते. त्यांचा पगार कापला गेला, पण दुसऱ्या दिवशी खिडकी जागेवर होती आणि खुर्चीही. रात्री माळ्यावर झोपताना ते आईला हळू आवाजात सांगत, "आपण एक दिवस केला तो संप. यांचा चाललाय तो जुगार आहे, आणि खेळायला यांनाच भाग पाडलंय." आम्हा मुलांना तंबी होती की हे बाहेर बोलायचं नाही.

पोस्टातली रांग मार्चनंतर विरळ झाली, पावसाळ्यात जवळजवळ संपली. आणि मग बाबांनी एक गोष्ट घरी येऊन सांगितली ती मला लख्ख आठवते, कारण सांगताना त्यांनी बूटही काढले नव्हते. गावाकडून मुंबईला मनीऑर्डर यायला लागल्या होत्या. म्हातारा बाप भात विकून मुलाला पैसे धाडत होता. पोस्टमन चाळीत येऊन नाव पुकारायचा आणि तो मुलगा, म्हणजे चांगला चाळिशीचा बाप्या, अंगठा किंवा सही देताना मान वर करायचा नाही. बाबा म्हणाले, "वीस वर्षं नोकरीत काढली, पण पैसे या दिशेने जाताना पहिल्यांदाच बघतोय."

चाळीत सगळे एका कुटुंबासारखे राहायचे, असं हल्ली फार लिहिलं जातं. लिहिणाऱ्यांना बहुधा चाळ सोडून बरीच वर्षं झालेली असतात. मला त्यातलं अर्धंच पटतं. संपाआधी आमच्याकडे रोज कुणी ना कुणी वाटी घेऊन यायचं. साखर, चहापत्ती, कधी एखादा कांदा. वाटी परत यायची ती शीग लावून. आईही तशीच जायची. संपाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ही ये-जा वाढली, आणि मग एकदम थांबली. मला वाटलं होतं अडचण वाढेल तशा वाट्या वाढतील. पण उसनं ज्याला फेडता येतं तोच मागतो. फेडायचं कसं हे कळेनासं झालं, तेव्हा बायकांनी वाटी आणणंच बंद केलं. आई आपणहून काही द्यायला गेली की "आहे हो घरात" असं उत्तर यायचं आणि मागे डबा वाजायचा, मुद्दाम. रिकामा डबा जास्त वाजतो हे काकूंना कळत नसेल असं नाही.

मग आईने एक युक्ती काढली. ती काकूंकडे काम मागायला जायची. "माझा हात दुखतोय, एवढे तांदूळ निवडून द्या." तांदूळ पाच किलो न्यायचे आणि परत घेताना मोजायचे नाहीत. काकू काही बोलायच्या नाहीत, आईही नाही. हे वर्षभर चाललं. ज्या पोळपाटावर आई रोज जोरात पोळ्या लाटायची तो गॅलरीतून दिसत होता, त्यामुळे हात दुखण्यावर कुणाचा विश्वास होता असं मला वाटत नाही.

याच काळात आमच्या घराचं दार लागायला लागलं. चाळीत दिवसा दार लावणं म्हणजे एक तर भांडण किंवा मयत. पण रविवारी आई बोंबील तळायची आणि तो वास गॅलरीभर जायचा. एकदा शेजारच्या घरातला धाकटा उंबऱ्यावर येऊन उभा राहिला आणि काकूंनी त्याला दंडाला धरून ओढत नेलं. पुढच्या रविवारपासून आईने तळणं बंद करून कालवण केलं, तेही दार लोटून. आम्ही दाराआड जेवलो. पोटभर जेवताना चोरी करतोय असं वाटणं, हा अनुभव गरिबीच्या आठवणी सांगणाऱ्यांना बहुतेक नसतो. तो एक तारखेला पगार येणाऱ्या घरांच्या वाट्याचा आहे, आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करू शकत नाही.

भांडी त्याच पावसाळ्यात जायला लागली. आधी दागिने, पण गिरणी कामगाराच्या बायकोकडे दागिने ते किती? मंगळसूत्राच्या वाट्या गेल्या, गळ्यात काळी पोत राहिली. मग पितळ. माळ्यावरून हंडे, परात, समया उतरायच्या आणि पोत्यात घालून रात्री मोडीच्या दुकानात जायच्या. काकू एका संध्याकाळी घंगाळ घेऊन आमच्या दारात आल्या. जड, कडीचं, पायांना वाघनखं असलेलं. त्यांच्या लग्नात माहेरून आलेलं. कडेला ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि लग्नाची तिथी कोरलेली होती.

"वहिनी, हे मोडीत घालायला हात धजावत नाही. तुम्ही घ्याल का?"

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी मोडीचा भाव माहीत करून घेतला होता की अंदाजाने सांगितला, ठाऊक नाही, त्यावर थोडे जास्त घालून त्यांनी पैसे काढून दिले आणि म्हणाले, "विकत नाही घेतलं. ठेवायला दिलंय तुम्ही. संप मिटला की घेऊन जा." काकूंनी पैसे मोजले नाहीत. पदरात बांधले आणि गेल्या.

दुसऱ्याच्या बापाचं नाव कोरलेलं भांडं घरात असणं फार विचित्र असतं. आईने ते कधी अंघोळीच्या पाण्याला घेतलं नाही. माळ्यावर पालथं घालून ठेवलं, नाव भिंतीकडे करून.

संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो आजतागायत रीतसर मागे घेतलेला नाही. लोक एकेक करून गिरणीच्या गेटवर परत गेले. काहींना घेतलं, अनेकांना नाही. 1983 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने मुंबईतल्या 13 गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, काही तर पुन्हा धड सुरूच झाल्या नाहीत. काकांना परत घेतलं नाही. ते आधी भाजी विकायला बसले, मग एका इमारतीवर वॉचमन झाले. काकू दादरला धुणीभांडी करायला जायला लागल्या. जाताना चांगली साडी नेसून जायच्या आणि तिथे जाऊन बदलायच्या, चाळीत कळू नये म्हणून. चाळीत सगळ्यांना माहीत होतं.

त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे. तिला दिवाळीनंतर गावी पाठवलं, आजीकडे. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. परळहून रात्रीची एसटी. तिला सोडायला मी गेले होते. तिच्या दप्तरात आईने नव्या वह्या घातल्या होत्या, काकूंच्या नकळत. पण गावात सातवीपर्यंतच शाळा होती. ती पुढे शिकली नाही. मी बँकेत अधिकारी झाले. कष्टाने शिकलेली माणसं भाषणात म्हणतात, जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही. माझ्यात तिच्याहून जास्त जिद्द होती असं मला एकदाही वाटलेलं नाही. माझ्या वडिलांचा पगार एक तारखेला यायचा.

आमचं पुढे बरंच चाललं. चौथ्या वेतन आयोगाच्या शिफारशी 1 जानेवारी 1986 पासून लागू झाल्या आणि बाबांना थकबाकी मिळाली. घरबांधणीसाठी सरकारी अग्रिम मिळाला. 1988 मध्ये आम्ही डोंबिवलीला, संडास-मोरी घरात असलेल्या जागेत राहायला गेलो. सामान बांधताना आईने घंगाळ काढलं, चिंच लावून लख्ख घासलं आणि काकूंच्या दारात नेऊन ठेवलं. पैशांचा विषयही काढला नाही. काकूंनी नावावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता ठेवायचं कुठे, वहिनी? न्या तुम्ही." जागेची अडचण नव्हती, माळा तर रिकामाच होता. आईने आग्रह केला नाही. मला तेव्हा आईचा राग आला होता. आता वाटतं, फुकट घ्यायला लावून काकूंना आणखी खाली आणायचं तिला नको असावं. ते घंगाळ अजून डोंबिवलीला भावाकडे आहे. पावसाळ्यात त्यात छत्र्या ठेवतात.

बाबा गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. महिन्याच्या अखेरीला ते खात्यात जमा होतं, आजही. महागाई भत्ता वाढला की आई पेपर वाचून मला फोन करते.

गिरण्यांच्या जमिनींवर काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरणाऱ्या कुणालाही दिसतं. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. 2012 मध्ये म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली, ती 6,925 घरांची. पुढे आणखी काही सोडती झाल्या. काकांचा अर्ज मीच भरून दिला होता. गिरणीचं ओळखपत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं. नंबर लागला नाही. काका गेले, आता अर्ज वारस म्हणून मुलीच्या नावावर आहे. ती संगमेश्वरजवळच्या गावात राहते आणि सोडतीची बातमी आली की मला फोन करून विचारते. अजून तरी यादीत तिचं नाव आलेलं नाही.